सल्ला देणाऱ्याची अमानत

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांपाशी थांबून लोक इमामाला जे प्रश्न विचारतात, त्यांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. नमाज, रोजा, वारसा आणि जकात यांविषयीचे प्रश्न आजही येतात. परंतु त्यांच्या जोडीला आता पैशाच्या गुंतवणुकीचे प्रश्न आले आहेत. मुरुमसारख्या गावातही सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे हाती आलेला शेतकरी, सेवानिवृत्तीची रक्कम मिळालेला शिक्षक, आखातात राबणाऱ्या मुलाने पाठविलेला पैसा जपणारी आई, हे सारे विचारू लागले आहेत की ही रक्कम कोठे ठेवावी. बँकेचे व्याज नको असते, घरात पैसा ठेवण्याची भीती वाटते, आणि मार्ग सांगणारे तर पुष्कळ भेटतात.

गेल्या रमजानच्या आधी असाच एक प्रश्न घेऊन एक तरुण माझ्याकडे आला. मात्र तो पैसे गुंतविणारा नव्हता, गुंतविण्याचा मार्ग दाखविणारा होता. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. बाजारपेठेतील एका लहानशा गाळ्यात बसून तो म्युच्युअल फंडांचे वितरण करतो आणि त्याबद्दल फंड चालविणाऱ्या कंपन्यांकडून त्याला कमिशन मिळते. गाळ्यावरच्या पाटीवर ‘गुंतवणूक सल्लागार’ असे लिहिलेले होते आणि गावातील लोकही त्याला सल्लागार म्हणूनच ओळखत. कोणीतरी त्याला सांगितले होते की ‘सेबी’कडे नोंदणी केल्याशिवाय स्वतःला सल्लागार म्हणविता येत नाही, आणि नोंदणी केली तर नियमांचा मोठा पसारा सांभाळावा लागतो.

तो म्हणाला, ‘मौलाना, मी कोणाला फसवीत नाही, हे तुम्ही जाणता. माझे ग्राहक म्हणजे माझे चुलते, मामू आणि शेजारी. त्यांच्याशी करार लिहायचा, दिलेल्या प्रत्येक सल्ल्याचे कारण कागदावर मांडून सही करायची, ते कागद पाच वर्षे जपायचे, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यायचे. माझी नियत साफ असताना एवढे सगळे केले नाही, तर अल्लाहच्या दरबारात मी दोषी ठरेन काय?’

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही, मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जो विचार झाला, तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

सोपी उत्तरे दोन होती. पहिले असे की देशाचा कायदा आहे, तो पाळावा आणि विषय संपवावा. दुसरे असे की इमाम बुखारी यांनी आपल्या हदीससंग्रहाच्या आरंभी घेतलेल्या हदीसचा आधार द्यावा, हेतू शुद्ध असला की झाले असे म्हणावे आणि त्याला निश्चिंत करून पाठवावे. पहिले उत्तर माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही. ज्याला केवळ दंडाची भीती आहे, तो पकडले न जाण्याची युक्ती शोधतो आणि ती सापडली की त्याचा कायद्याशी असलेला संबंध संपतो. दुसरे उत्तर त्याहून धोक्याचे आहे, कारण ते धर्माच्या भाषेत बोलते. शुद्ध हेतूमुळे चांगल्या कृत्याला अल्लाहजवळ मोल प्राप्त होते, हे सत्य आहे. परंतु शुद्ध हेतूमुळे चुकीचे कृत्य बरोबर ठरते, असे आपल्या फुकहांनी कधीही म्हटलेले नाही.

म्हणून आधी नियम काय आहेत, ते पाहू. सेबी, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, या संस्थेला 1992 च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले. गुंतवणूक सल्लागारांसाठीची नियमावली तिने जानेवारी 2013 मध्ये काढली. 2020 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2024 मध्ये तीत महत्त्वाचे बदल झाले. मोबदला घेऊन शेअर, म्युच्युअल फंड इत्यादींविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय करणाऱ्याने नोंदणी करावी, असा मूळ नियम आहे. त्यासाठी पदवी लागते आणि एनआयएसएम या संस्थेची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. दीडशेपर्यंत ग्राहक असणाऱ्याला एक लाख रुपयांची अनामत ठेवावी लागते. (या ठेवीवर व्याज आले, तर ते स्वतःच्या उपयोगात न आणता, पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना देऊन टाकावे, असे उलेमा सांगतात.) सल्ला देण्यापूर्वी ग्राहकाचे वय, उत्पन्न, कर्ज, कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि तोटा सोसण्याची ताकद विचारून त्याला किती जोखीम पेलवेल ते ठरवायचे असते. दिलेला सल्ला त्याच्या परिस्थितीला अनुरूप आहे की नाही, हे तपासायचे असते. आपला कोठे स्वार्थ गुंतलेला असेल, तर तो आधी उघड करायचा असतो. शुल्क रोखीने घेता येत नाही, आणि परताव्याची हमी देता येत नाही. व्यक्ती म्हणून नोंदणी केलेल्या सल्लागाराला वितरणाचे कमिशन मिळविता येत नाही. संस्था असली, तर तिला एकाच ग्राहकाच्या बाबतीत सल्ल्याचे शुल्क आणि वितरणाचे कमिशन अशा दोन्ही मिळकती घेता येत नाहीत. आणि जो केवळ वितरक आहे, त्याने स्वतःला सल्लागार म्हणवू नये.

हे नियम वाचताना मला मदरशातील दिवस आठवत होते. कागद सरकारी होता, परंतु त्यातील कितीतरी गोष्टी मी हदीसच्या वर्गात ऐकलेल्या होत्या.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की ज्याचा सल्ला घेतला जातो, तो अमानतदार असतो. या शिकवणीचा नीट विचार करावा. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती असणे. सल्ला देताना आपल्या हाती दुसऱ्याची कोणती वस्तू असते? पैसा तर अजून त्याच्याच खिशात असतो. आपल्या हाती असतो तो त्याचा निर्णय. त्याने काही काळापुरती आपली विवेकबुद्धी आपल्याजवळ ठेवायला दिलेली असते, कारण त्या विषयात ती अपुरी आहे असे त्याला वाटते. पैशाची अमानत मोजून घेता येते आणि मोजून परत करता येते. ही अमानत मोजता येत नाही, म्हणूनच तिच्यात खयानत करणे सोपे आणि ओळखणे कठीण असते.

दुसरी हदीस वैद्यकाविषयी आहे. वैद्यकाचे ज्ञान ज्याच्याजवळ असल्याचे कोणाला माहीत नाही, अशा माणसाने कोणावर उपचार केले आणि अपाय झाला, तर त्याची भरपाई करण्यास तो जबाबदार ठरतो, असा तिचा आशय आहे. येथे उपचार करणाऱ्याचा हेतू वाईट होता, असे कोठेही म्हटलेले नाही. तो कदाचित मनापासून मदतच करीत असेल. तरीही जबाबदारी त्याच्यावर येते, कारण त्याने आपल्याजवळ नसलेल्या पात्रतेचा आभास निर्माण केला. परीक्षा, प्रमाणपत्र आणि नोंदणी यांची आवश्यकता काय, या प्रश्नाचे उत्तर मला या हदीसमध्ये दिसते.

आणि येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे, कारण त्या तरुणाला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही याचे खरे कारण तेच आहे.

इमामतीची जबाबदारी नुकतीच स्वीकारली होती, तेव्हाची गोष्ट. जमाअतीतील एका सेवानिवृत्त गृहस्थांनी माझ्यापुढे एका कंपनीचे माहितीपत्रक ठेवले. आमच्याकडे पैसे गुंतविल्यास व्याज न देता व्यवसायातील नफ्याचा हिस्सा दिला जाईल, असे त्यात छापलेले होते. मुदारबत आणि शिरकत हे शब्द होते, वर बिस्मिल्लाह होते. मी कराराचा नमुना वाचला, फिक्हच्या कसोट्या लावल्या आणि म्हणालो की कागदावर तरी व्याज दिसत नाही, जायज वाटते. माझ्या दृष्टीने ते एका मसल्याचे उत्तर होते. त्यांनी मात्र वेगळेच ऐकले. त्यांनी ऐकले की इमामसाहेबांनी पैसे ठेवायला सांगितले आहे. काही महिने रक्कम येत राहिली, नंतर ती थांबली आणि त्यानंतर त्या कार्यालयाला कुलूप लागले. ते गृहस्थ आजही पहिल्या सफमध्ये उभे राहतात. त्यांनी मला कधी एका शब्दानेही दोष दिलेला नाही. नमाज संपवून मी जमाअतीकडे तोंड वळवितो, तेव्हा तो चेहरा समोर असतो.

मी त्यांच्याकडून एक पैसाही घेतला नव्हता, त्यामुळे कायद्याच्या व्याख्येत मी सल्लागार नव्हतो. माझा हेतू शुद्ध होता. परंतु मी काय विचारले नाही, ते पाहा. तुमच्या एकूण शिलकीपैकी हा किती हिस्सा आहे, असे मी विचारले नाही. घरात लग्न किंवा आजारपणाचा खर्च समोर आहे काय, हे विचारले नाही. हे सगळे बुडाले तर तुम्ही कसे जगाल, हे विचारले नाही. या कंपनीला लोकांकडून पैसे गोळा करण्याची परवानगी कोणी दिली आहे आणि तिचे हिशेब कोण तपासतो, हेही विचारले नाही. मी फक्त एक प्रश्न विचारला: यात व्याज आहे काय? ज्या नमुन्याला आपण सरकारी कागदपत्रांची कटकट म्हणतो, त्यातील पहिल्याच पानावर माझे राहून गेलेले बहुतेक प्रश्न छापलेले असतात. तो नमुना माझ्यापुढे असता, तर माझ्या शुद्ध हेतूला जे सुचले नाही ते त्या कागदाने मला विचारायला लावले असते.

आता लिहून ठेवण्याविषयी. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणती, असे विचारले तर मदरशातील लहान मूलही सांगेल की ती सूरह बकरहमधील 282 वी आयत आहे. ती नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहून ठेवावी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, आणि ज्याला समज कमी आहे त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने मजकूर सांगावा, असा तपशील तीत आला आहे. ही आज्ञा प्रथम कोणाला झाली? सहाबांना झाली. प्रेषितांच्या सहवासात वाढलेल्या, एकमेकांसाठी प्राण देण्यास तयार असलेल्या त्या लोकांना सांगितले गेले की आपसातील देणे लिहून ठेवा. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका होती म्हणून ही आज्ञा आली, असे कोणी म्हणू शकेल काय? लिहिण्याने न्याय अधिक नीट होतो, साक्ष अधिक भक्कम होते आणि संशयाला जागा कमी उरते, अशी कारणे त्याच आयतीत दिलेली आहेत. माणूस विसरतो. माणूस मरतो आणि त्याचे वारस काय ठरले होते ते जाणत नाहीत. तोटा झाला की ऐकलेले शब्द स्मरणात बदलतात. ‘मी तुम्हाला जोखीम सांगितली होती’ आणि ‘तुम्ही म्हणाला होता की पैसे बुडणार नाहीत’, ही दोन्ही वाक्ये दोन प्रामाणिक माणसे एकाच वेळी शपथेवर उच्चारू शकतात. कागद त्या दोघांचे नाते वाचवितो.

आपल्या भागातील जुनी आडत आठवा. शेतकऱ्याने घेतलेली उचल आणि जमा झालेला माल आडत्याच्या वहीत लिहिलेला असे. वही एकाच बाजूची होती. आडत्या सज्जन असेल तर हिशेब नीट होई, नसेल तर शेतकऱ्याच्या हाती काहीच नसे. लेखन दोघांच्याही हाती असावे, ही अपेक्षा तेव्हाही न्यायाची होती आणि आजही आहे.

आयतीत एक अपवादही आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यापारात लिहिले नाही तरी दोष नाही. त्यापुढील आयतीत असे आले आहे की एकमेकांवर विश्वास ठेवून काही सोपविले, तर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने अमानत परत करावी आणि अल्लाहचे भय बाळगावे. कोणी म्हणेल की आम्ही याच आयतीवर चालतो, आमचा व्यवहार विश्वासाचा आहे. परंतु नीट पाहिले तर या आयतीने विश्वासाच्या व्यवहारात जबाबदारी कमी केलेली नाही. कागद नसतो, तेव्हा अल्लाहच्या भयाशिवाय दुसरा साक्षीदार उरत नाही, एवढेच ती सांगते. ज्याने कागद टाळला, त्याने आपल्या खांद्यावरचे ओझे वाढविले.

कमिशनचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे पोटाचा संबंध येतो. दलालाचा मोबदला इस्लामी फिक्हमध्ये जायज आहे. मी विकतो आणि विकण्याबद्दल मला इतके मिळते, असे उघडपणे सांगून जो विकतो, त्याच्या कमाईवर आक्षेप नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा विकणारा स्वतःला सल्लागार म्हणवितो. समोरच्याला वाटते की हा माझ्या बाजूने बोलतो आहे, आणि त्याच वेळी पलीकडून त्याला पैसे मिळत असतात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत इब्नुल्लुतबिय्या नावाच्या माणसाचा प्रसंग आला आहे. प्रेषितांनी त्याला जकात गोळा करण्यासाठी पाठविले होते. परत आल्यावर त्याने रकमेचे दोन भाग केले. हा तुमचा, म्हणाला, आणि हा मला भेट म्हणून मिळाला. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय?

कमिशन घेणाऱ्या प्रत्येक सल्लागाराने हा प्रश्न स्वतःला विचारावा. मी या माणसाला हा फंड सुचविला नसता, तर ही रक्कम माझ्याकडे आली असती काय? नसेल, तर माझा सल्ला आणि माझे पोट एकमेकांत गुंतले आहेत, आणि ते समोरच्याला माहीत असणे हा त्याचा हक्क आहे. सल्ल्याचे शुल्क आणि विक्रीचे कमिशन वेगळे करण्याचा 2020 मधील बदल हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारतो.

नियम टाळल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्या समाजाला दूर शोधावे लागत नाही. मुरुमपासून कर्नाटकची सीमा जवळ आहे, आणि त्याच राज्याच्या राजधानीत, बंगळुरूमध्ये, 2006 मध्ये ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ ही संस्था सुरू झाली. नावातच सल्ला होता. हलाल गुंतवणूक या शब्दाभोवती तिने विश्वास उभा केला. पैसे देणाऱ्यांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हणून दाखविले जाई, जेणेकरून ठेवींविषयीचे नियम लागू होऊ नयेत. जून 2019 मध्ये देणी थांबली आणि संस्थापक दुबईला निघून गेला. जुलैमध्ये परतताच त्याला दिल्ली विमानतळावर अटक झाली. तक्रारींची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली, आणि त्यांतील बहुतेक कुटुंबे आपल्याच समाजातील होती. संस्थेची चौकशी ज्यांच्याकडे होती, त्या महसूल अधिकाऱ्यांनाही लाचेच्या आरोपावरून अटक झाली. तपासात काही उलेमांचीही नावे आली. हे शेवटचे वाक्य लिहिताना मला वेदना होतात, परंतु ते टाळणे ही खयानत ठरेल.

खऱ्या मुदारबतीत पैसे देणाऱ्याने तोट्याचाही धनी व्हायचे असते, हे मदरशात पहिल्या वर्षांतच शिकविले जाते. जी योजना तोट्याचे नावही काढत नाही आणि दर महिन्याला ‘नफा’ पोहोचविते, तिच्याकडे पाहूनच संशय यायला हवा होता. आपण मुदारबत हा शब्द पाहिला आणि तिची अट विसरलो.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्था नोंदणी असलेली संस्था होती. तरीही मराठवाड्यातील तिच्या ठेवीदारांचे पैसे अडकले आणि 2024 मध्ये तिच्या संस्थापकाला अटक झाली. तेव्हा नोंदणी म्हणजे प्रामाणिकपणा, असे समजणाराही फसतो. ग्राहकाला न वाचताच पन्नास ठिकाणी सह्या करायला लावणारा माणूस कागदावर निर्दोष असू शकतो. जोखमीचा तक्ता स्वतःच भरून त्यावर वृद्धाचा अंगठा घेणारा लेखापरीक्षणात उत्तीर्ण होईल, परंतु अल्लाहजवळ तो कागद त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतील धान्य ओले निघाले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. रास वरून कोरडी होती. नियम वरचा थर पाहू शकतो. आतील ओलावा विक्रेत्याला आणि अल्लाहलाच ठाऊक असतो. म्हणून तकवा आणि नियम यांपैकी एक असला की दुसऱ्याची गरज नाही, असे नाही. तकवा नसला तर नियम पोकळ होतो. नियम नसला तर तकवा असलेला माणूसही, माझ्याप्रमाणे, चुकतो आणि त्याची चूक त्याला कोणी दाखवीत नाही.

कायदा पाळणे धार्मिक कर्तव्य आहे काय, या मूळ प्रश्नाकडे आता येऊ. जो नोंदणी करतो, तो मी हे नियम पाळीन असे लिहून देतो. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना आपले करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे की वचनाविषयी विचारणा होणार आहे. करार मुसलमानाशी केलेला असावा, अशी अट तेथे नाही. जे नियम अल्लाहची अवज्ञा करायला लावीत नाहीत आणि लोकांच्या मालमत्तेचे रक्षण करतात, ते पाळण्याचे वचन देऊन मोडणे हा वचनभंग आहे. आणि नोंदणी न करताच सल्लागार म्हणविणे, हा पात्रतेचा खोटा आभास आहे. वैद्यकाविषयीची हदीस त्याला लागू होते.

तरीही त्या तरुणाच्या तक्रारीत तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. मुंबईतील मोठ्या संस्थेत नियमपालनासाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असतात. मुरुममधील गाळ्यात सल्ला देणारा, कागद भरणारा आणि झाडू मारणारा एकच माणूस असतो. येथील लोकांना सल्ल्यासाठी शुल्क देण्याची सवय नाही. कमिशन सोडून तो सल्लागार झाला, तर त्याचे घर कसे चालेल? आणि तो दूर झाला, तर त्याची जागा नियम मुळीच न मानणारा घेईल. सूरह बकरहच्या त्याच दीर्घ आयतीत एक आज्ञा अशीही आहे की लेखकाला आणि साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये. लेखनाची सक्ती करणाऱ्या आयतीनेच लिहिणाऱ्याचे रक्षणही केले आहे. नियम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, अशी अपेक्षा न्यायाची आहे. डिसेंबर 2024 च्या बदलांनी पात्रतेची अट पदवीपर्यंत खाली आणली आणि पंच्याहत्तरपर्यंत ग्राहक घेऊन अर्धवेळ सल्लागार होण्याची वाट मोकळी केली, ही त्या दिशेने झालेली वाटचाल आहे. नियम जाचक वाटला तर तो बदलण्याची मागणी करावी, सूचना मागविल्या जातात तेव्हा त्या पाठवाव्यात. नियम गुपचूप मोडणे हा त्या मागणीचा मार्ग नाही, कारण त्याची किंमत नियम करणारा मोजत नाही. ती आपला चुलता आणि मामू मोजतात.

महिनाभराने तो तरुण पुन्हा आला. मी त्याला सांगितले, ‘बेटा, तुझ्यापुढे दोन हलाल मार्ग आहेत आणि एक संशयाचा. वितरक राहा, तसे स्पष्ट सांग, कमिशन मिळते हेही सांग. किंवा सल्लागार हो, नोंदणी कर, शुल्क घे आणि कमिशन सोड. वितरकाचे कमिशन आणि सल्लागाराचा मान, हे दोन्ही एकाच वेळी घेणे हा संशयाचा मार्ग आहे. तुझी नियत साफ आहे, हे मी मानतो. पण उद्या तुझ्या गल्ल्यात पैसा कमी असेल आणि जास्त कमिशनचा फंड समोर असेल, तेव्हाच्या नियतीची हमी तू आज देऊ शकत नाहीस. मीही माझी देऊ शकत नाही. कागद त्या दिवसासाठी असतो.’

तो बराच वेळ गप्प बसला. मग एवढेच म्हणाला की आधी परीक्षा देतो, तोपर्यंत वितरकच राहतो. पुढच्या जुम्याला मी त्याच्या गाळ्यावरून गेलो, तेव्हा पाटीवरील ‘सल्लागार’ या शब्दावर पांढरा रंग मारलेला होता. नवीन शब्द अजून लिहिलेला नव्हता.

वाचकबंधूंनो आणि भगिनींनो, या प्रश्नात आपलाही वाटा आहे. सल्ला घेणाऱ्याने विचारण्यात संकोच करू नये. तुमचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. सल्लागारांचे क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतात आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतात. यात तुम्हाला काय मिळते, हे विचारा. पैसे थेट फंडाच्या खात्यात जाऊ द्या, सल्ला देणाऱ्याच्या खात्यात कधीही नको. हमी देणाऱ्यापासून दूर राहा. परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्यावर 2019 च्या कायद्याने बंदी आहे, हे लक्षात ठेवा. नातेवाइकाला असे विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे मनात आणू नका. सहाबांनी एकमेकांचे देणे लिहून ठेवले, त्यात त्यांचा अपमान झाला नव्हता.

आणि माझ्या इमामबंधूंना एक विनंती. आपल्याला मसला विचारला जातो, आणि ऐकणारा तो सल्ला म्हणून घेतो. म्हणून आता मी असा प्रश्न आला की दोन वाक्ये वेगळी करून, शक्य तर कागदावर लिहून देतो: शरीअतच्या दृष्टीने या व्यवहाराचे स्वरूप असे आहे, पैसा सुरक्षित आहे की नाही, हे मला ठाऊक नाही, ते जाणकाराला विचारा. काहींना हे कोरडे वाटते. पहिल्या सफमधील त्या गृहस्थांना मी हा कागद दाखविला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, ‘मौलाना, हे तेव्हा लिहायला हवे होते.’ त्यांनी मला दिलेला एवढाच दोष, आणि तो खरा आहे.

अल्लाह आपल्या जिभेवर येणारा प्रत्येक सल्ला अमानत समजण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो, ज्यांच्या कष्टाचा पैसा बुडाला त्यांना धीर आणि बरकत देवो, आणि ज्या दिवशी प्रत्येक वही उघडली जाईल त्या दिवशी आपल्या हाताने लिहिलेले आपल्यालाच लाज आणणारे नसावे. आमीन.